हौशी मंडळींचे उपग्रह

‘हौशी’ या शब्दाला आपल्या बोलण्यात थोडा कमीपणा चिकटलेला आहे. धंदेवाईक तो जाणता आणि हौशी तो कच्चा, असे आपण मनाशी धरून चालतो. आज ज्या उपग्रहांची ओळख करून घ्यावयाची आहे, ते मात्र हौशी मंडळींनीच बांधलेले आहेत.

हे हौशी लोक कोण? सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन, घरच्या यंत्रावरून बिनतारी संभाषण करणारे. अट एकच, की त्यातून पैसा मिळवावयाचा नाही. त्यांच्या वाट्याला आलेल्या लहरींपैकी ज्या फार आखूड, त्या बहुधा सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजापलीकडच्या मित्रापर्यंत त्या पोचत नाहीत. परंतु खालून आलेला आवाज झेलून तो निराळ्या लहरीवर पुन्हा खाली सोडणारे यंत्र आकाशात उंच ठेवले, तर ही अडचण सुटते.

आरंभ झाला १२ डिसेंबर १९६१ रोजी. त्या दिवशी अमेरिकेतील हौशी मंडळींनी बांधलेली ‘ऑस्कर-१’ नावाची सुमारे साडेचार किलो वजनाची पेटी अग्निबाणावरून वर गेली. संभाषण पोचविण्याची शक्ती तिच्यात नव्हती. मोर्सच्या संकेतांत ती ‘हाय’ एवढेच म्हणे. पण पेटी तापली वा निवली की संकेतांची गती बदले, आणि त्यावरून ऐकणाऱ्यास तिचे तपमान काढता येई. २८ देशांतील ५७० हून अधिक लोकांनी ती ऐकल्याचे कळविले.

पुढे १५ नोव्हेंबर १९७४ रोजी ‘ऑस्कर-७’ सुटला. तो सुमारे १,४५० किलोमीटर उंचीवरून फिरतो. एका गावावरून जाताना फार तर वीसबावीस मिनिटे क्षितिजाच्या वर असतो, आणि तेवढ्या वेळात हजारो किलोमीटर दूरच्या माणसाशी बोलता येते. १९८१ मध्ये त्याच्या बॅटऱ्या बिघडल्या व तो मुका झाला. लोकांनी त्याची आशा सोडली. आणि २१ जून २००२ रोजी त्याचा आवाज पुन्हा ऐकू आला! बिघडलेल्या बॅटरीतून वीज परस्पर वाहून जात होती, तो मार्ग आपोआप तुटला असावा. मग सूर्याच्या उन्हावर यंत्र थेट चालू लागले. ऊन असेल तेव्हा जागा, सावलीत निजलेला, असा हा उपग्रह २०२४ मध्ये पन्नास वर्षांचा झाला, तेव्हाही बोलत होता.

आता खरी गोम पाहा. अशा उपग्रहातून एकाच वेळी अनेक संभाषणे जातात, पण त्याची वीज मोजकीच. एखाद्याने आपले यंत्र जोराने चालविले, तर उपग्रहाची शक्ती त्याच्याच आवाजामागे खर्ची पडते आणि दुबळ्या यंत्रांचे आवाज बुडतात. वर पोलीस नाही, पाटी नाही. म्हणून जाणता माणूस बोलताना उपग्रहातून परत येणारा स्वतःचा आवाज ऐकत राहतो, आणि तो फार मोठा वाटला की आपणच जोर कमी करतो.

आपल्या देशानेही यात वाटा उचलला आहे. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘हॅमसॅट’ सुटला. त्यात संभाषण पोचविणारी दोन यंत्रे होती. एक भारतीय बनावटीचे, दुसरे हॉलंडमधील एका विद्यार्थ्याने बनविलेले. २०१४ पर्यंत त्याने सेवा दिली. २०१६ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ही हौशी मंडळींच्याच लहरी वापरण्यासाठी वर गेला.

सार्वजनिक वस्तू टिकते ती पहाऱ्याने की संयमाने, हा प्रश्न आपल्या नगरातील बागेला, वाचनालयाला आणि पाणवठ्यालाही लागू आहे. ऑस्कर-७ चे उत्तर असे, की उन्हाने त्याला जागे केले. पण तो सर्वांच्या उपयोगी राहिला, तो आपला आवाज आवरणाऱ्या माणसांमुळे.