काळ्या गाडीवरचं जाळं

संध्याकाळी अमरावतीच्या राजकमल चौकात दिवे लागले, की रस्त्याच्या कडेला उभी असलेली एखादी काळी गाडी शोधा. तिच्या बोनेटवर दिव्याचं प्रतिबिंब पडलेलं असेल. त्याच्या आजूबाजूला नीट बघा. बारीक चंदेरी रेषांची वर्तुळंच वर्तुळं दिसतायत ना? दिवा मधोमध आणि भोवती कोळ्यानं विणावं तसं जाळं. आता एक पाऊल डावीकडे सरका. अरेच्चा! जाळंही तुमच्याबरोबर सरकलं. गाडी तर जागची हललेली नाही!

लेकरांनो, गंमत अशी, की त्या बोनेटवर वर्तुळं नाहीतच. तिथं आहेत हजारो बारीक ओरखडे, वाटेल त्या दिशेला पडलेले. ओरखडा म्हणजे रंगात पडलेली इवलीशी चर. या चरीवर उजेड पडला, की ती तो आपल्या लांबीच्या काटकोनात फेकते. म्हणून दिव्याच्या प्रतिबिंबाला ज्या चरी आडव्या पडल्या आहेत, त्यांचाच उजेड आपल्या डोळ्यांत शिरतो. ज्यांचं टोक दिव्याकडे आहे, त्या आपल्याला दिसतच नाहीत. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडून फक्त आडव्याच चरी उठून दिसल्या, तर त्यांचं मिळून काय होईल? वर्तुळ! दिवा हलला किंवा आपण हललो, की दुसऱ्याच चरींची पाळी येते. घासून घासून जुनं झालेलं स्टीलचं ताट घ्या, खोलीत अंधार करा आणि त्यावर टॉर्च मारा. टॉर्च जिथं न्याल, तिथं वर्तुळं हजर.

मग हे जाळं पांढऱ्या गाडीवर का दिसत नाही? ओरखडे तर तिच्यावरही तेवढेच असतात. गाडीच्या सगळ्यांत वर एक पारदर्शक थर असतो. त्यावर सरळ समोरून उजेड पडला, तर 100 भागांतले साधारण 4 भाग तिथूनच परत फिरतात आणि बाकीचा उजेड आत शिरतो. खालचा पांढरा रंग तो उजेड पुन्हा चहूकडे उधळतो, आणि एवढ्या लखलखाटात ओरखड्यांचा बिचारा उजेड हरवून जातो. काळा रंग मात्र आत आलेला जवळजवळ सगळा उजेड पिऊन टाकतो. मागे उरतात ते वरच्यावर परतलेले 4 भाग, म्हणजे स्वच्छ प्रतिबिंब, आणि त्यात मिसळलेला ओरखड्यांचा उजेड. काळ्या गाडीवर काहीच लपत नाही. म्हणून तर नीट राखलेली काळी गाडी बघितली, की लोक थांबून म्हणतात, ‘काय मस्त चमकून राह्यली!’

आपल्या वऱ्हाडात जाळं विणायला लागणारं सामान मात्र भरपूर. उन्हाळ्यात वारा सुटला, की रस्त्यावरचा फुफाटा उठतो आणि गाडीवर येऊन बसतो. आपली काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली, आणि तो खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मातीचे अगदी बारीक कण तसे मऊ असतात. पण त्यांच्यासोबत रस्त्यावरच्या गिट्टीचा चुरा असतो, वाळूचे आणि गारगोटीचे कण असतात. कोणतं खनिज कोणावर ओरखडा पाडतं, हे पाहून फ्रीडरिख मोस या जर्मन शास्त्रज्ञानं 1812 साली खनिजांना 1 ते 10 असे क्रमांक दिले. त्यात गारेचा क्रमांक 7 आहे. चाकूचं पोलाद साडेपाचच्या आसपास येतं. गाडीचा रंग तर त्याहून कितीतरी मऊ! आणि मग रोज सकाळी कोणीतरी कोरडं फडकं घेऊन येतं नि भराभरा गाडी पुसतं. फडकं बिचारं मऊच असतं हो, पण त्यात अडकलेला गारेचा कण बोनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला जातो. जाळ्याचा खरा विणकर हाच.

हा रंग आहे तरी किती जाड? कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी रंगाच्या भल्यामोठ्या हौदात बुडवून वीज सोडतात. विजेच्या ओढीनं रंगाचे कण कानाकोपऱ्यात जाऊन चिकटतात. त्यावर प्रायमर, त्यावर काळा रंग आणि सर्वांत वर तो पारदर्शक थर, क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी असते साधारण 100 ते 150 मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे 1 मायक्रॉन. एकटा क्लिअर कोट 40 ते 50 मायक्रॉनचा. आपला केस बहुतेक वेळा त्याहून जाड असतो!

आता पॉलिशवाल्या काकांचं काम बघू. गाडी धुऊन झाली, की ते आधी चिकट मातीच्या गोळ्यासारखा दिसणारा क्ले बार ओल्या रंगावर हलकेच फिरवतात. धुऊनही न निघालेले कण त्यात अडकून येतात. ते कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण हाताला कळतात. धुतलेल्या गाडीवर, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बोटं अलगद फिरवा. खरखर लगेच जाणवेल.

मग येतं मशीन. त्याच्या फोमच्या पॅडवर थोडं पॉलिश लावतात. त्या पॉलिशमध्ये बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड असते. माणिक आणि नीलम ही रत्नं मुळात याच पदार्थाची. मोसच्या यादीत त्याचा क्रमांक 9. म्हणजे गारेपेक्षाही कठीण! मग ओरखडे वाढायला नकोत का? इथंच खरी करामत आहे. ही पूड इतकी बारीक असते, की तिचे ओरखडे प्रकाशाच्या लहरीपेक्षाही लहान पडतात. प्रकाशाची लहर साधारण अर्ध्या मायक्रॉनची असते. तिच्यापुढं एवढीशी चर म्हणजे सपाट जमीनच! जुन्या चरी मात्र भरून येत नाहीत. त्यांच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणला जातो, आणि चर उथळ होत होत नाहीशी होते. प्रत्येक वेळी काही मायक्रॉन कायमचे जातात. त्यामुळे दर सणाला ‘रबिंग मारून द्या’ म्हणणं मला मुळीच पटत नाही. क्लिअर कोट संपला, की चमकवायला काही उरतच नाही.

ओरखड्यांखेरीज आपल्याकडे आणखी एक पीडा आहे: पाणी. अमरावती शहराला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी मिळतं. पण दर्यापूर, भातकुलीकडे जा, पुढं अकोला, बुलडाण्याकडे जा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. हाच आपला खारपाणपट्टा. असलं पाणी काळ्या गाडीवर तसंच वाळू दिलं, की पांढरी गोल कडी उमटतात. थेंबाची कड पातळ असते, ती लवकर सुकते. मग मधलं पाणी कडेकडे धावतं, क्षारही सोबत नेतं आणि ते सगळे काठावर जमतात. स्वयंपाकघरातल्या काळ्या कडप्प्यावर एक थेंब बोअरच्या पाण्याचा आणि एक आरओ फिल्टरच्या पाण्याचा टाका, वाळू द्या आणि दोन्ही डाग शेजारी शेजारी बघा.

पॉलिशनंतर काही जण वॅक्स लावतात. त्यातलं कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. तिथल्या रखरखीत उन्हाळ्यात पानातलं पाणी उडू नये, म्हणून झाड ते मेण आपल्या पानांवर चढवतं. ते 80 अंशांच्या पुढं गेल्यावर वितळतं, म्हणून मे महिन्यातलं अकोल्याचं ऊनही बऱ्यापैकी सोसतं. मेणावर पाणी पसरत नाही, त्याचे गोल थेंब होऊन घरंगळतात. पण फडक्यातल्या गारेपुढं मेणाचं काही चालत नाही.

तेव्हा खंडेनवमीला घरची गाडी धुवाल, तर सावलीत धुवा. आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहू द्या. पाइप सोडून ठेवायची गरज नाही, बादल्या पुरतात: एक साबणाची, दुसरी फडकं खळबळायला साध्या पाण्याची. वरून खाली या, कारण सगळ्यांत जाड रेती खाली चाकांजवळ असते. पाणी वाळायच्या आत मऊ मायक्रोफायबरनं टिपून घ्या. आणि धुळीनं भरलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवताना कोणी दिसलं, तर गोड आवाजात नक्की सांगा, ‘काका, आधी पाणी मारा ना जी!’