पैसे घेणारा परराज्यात गेला, तरी दाव्याची मुदत थांबत नाही

द्राक्षाचा हंगाम संपला की हीच तक्रार कानावर येते. व्यापाऱ्याने माल भरला, थोडे पैसे दिले, बाकीचे "आठ दिवसांत पाठवतो" म्हणून आपल्या राज्यात निघून गेला. हातउसन्या पैशांचंही तसंच. घेणारा कामासाठी सुरतला नाहीतर बेंगळुरूला जातो आणि फोन उचलायचा बंद होतो. मग आपण म्हणतो, "येईल तेव्हा बघू, कागद आहे आपल्याकडं." पण मुदत गेली तर त्या कागदावर दावा चालत नाही.

मुदत किती आणि कधीपासून?

मुदतीचा कायदा १९६३ चा आणि केंद्राचा आहे. त्यामुळे महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक सगळीकडे नियम एकच. हातउसने पैसे, प्रॉमिसरी नोट, मालाची बाकी यासाठी दिवाणी दावा ३ वर्षांच्या आत लावावा लागतो.

परत करायची तारीख ठरली नसेल, तर पैसे दिल्या दिवसापासून मोजायचं. समजा, १० मार्च २०२४ ला माल दिला आणि उधारीची मुदत ठरली नव्हती, तर १० मार्च २०२७ पर्यंत दावा लागला पाहिजे. २१ दिवसांनी पैसे द्यायचं ठरलं असेल, तर ३१ मार्च २०२४ पासून मोजायचं. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा लावता येतो.

तो गावात नाही, मग?

तो दुसऱ्या राज्यात आहे म्हणून एक दिवसही वाढून मिळत नाही. माणूस देशाबाहेर, म्हणजे दुबईला वगैरे असेल, तर तेवढा काळ मात्र मुदतीत धरत नाहीत.

दाव्यासाठी त्याच्या गावी जायलाच पाहिजे असं नाही. व्यवहार आपल्याकडे झाला, माल इथं भरला, पैसे इथं दिले, तर आपल्याकडच्या दिवाणी कोर्टात दावा लावता येतो. समन्स त्याच्या पत्त्यावर जातं. निकाल लागल्यावर वसुलीसाठी हुकूमनामा त्याच्या भागातल्या कोर्टाकडे पाठवता येतो. हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायला १२ वर्षे असतात. म्हणून त्याचा परराज्यातला पत्ता आधी मिळवून ठेवा.

मुदत कशाने वाढते?

पोलीस स्टेशनला अर्ज दिला, वकिलाची नोटीस पाठवली, पंचांची बैठक झाली, यातल्या कशानेही मुदत थांबत नाही. फोनवर "देतो की" म्हणाला, त्यानेही नाही.

मुदत संपायच्या आत त्याने "एवढी बाकी मान्य आहे" असं लिहून सही केली, तर त्या तारखेपासून नवी ३ वर्षे मिळतात. थोडी रक्कम दिली आणि तसं त्याच्या हाताने लिहिलेलं किंवा त्याच्या सहीचं असलं, तरीही मिळतात. नुसते रोख घेऊन आपल्याच वहीत नोंद केली तर ती पुरत नाही.

चेक बाउन्सचं गणित वेगळं आहे. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे द्यायला त्याला १५ दिवस, आणि तरीही दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार.

आपणच देणं लागत असू तर

मुदत गेलेला दावा कोर्ट फेटाळतं, समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी. पण अशा जुन्या बाकीसाठी "मी पैसे देईन" असं नव्याने लिहून सही केली, तर तो करार पुन्हा लागू होतो. म्हणून वसुलीवाल्याने पुढं केलेल्या कागदावर न वाचता सही करू नका.

आज घरातले कागद काढून तारखा बघा. तीन वर्षं भरत आली असतील तर वकील गाठा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लागता तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. ही समिती तालुका कोर्टातच असते.