आठशे किलोकॅलरींच्या खाली

दिवसभरात 800 किलोकॅलरींहून कमी ऊर्जा देणाऱ्या आहाराला अतिअल्प उष्मांकाचा आहार म्हणतात. ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर तुरीचे वरण आणि तेलात परतलेली भाजी एवढ्यातच साधारण 600 ते 700 किलोकॅलरी होतात. म्हणजे एका वेळच्या जेवणावर अख्खा दिवस काढायचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या अंदाजानुसार मध्यम श्रम करणाऱ्या स्त्रीला रोज 2130 किलोकॅलरी लागतात. मध्य प्रदेशातल्या तिगाव, पांढुर्णा, सौंसरच्या पट्ट्यात कापूस वेचणारी किंवा संत्र्याच्या बागेत राबणारी बाई नवरात्राचे नऊ दिवस पाण्या-चहावर काढते, तेव्हा ती 800 किलोकॅलरींच्याही पुष्कळ खाली असते.

अन्न तोडले की एक-दोन दिवसांत यकृतातला साखरेचा साठा संपतो. त्याच्याबरोबर पाणीही निघून जाते, म्हणून पहिल्या आठवड्यात वजनकाटा भराभर उतरतो आणि माणूस हुरळून जातो. चरबी मात्र सावकाशच जळते. पोटात पुरेशी प्रथिने जात नसतील तर स्नायू झिजू लागतात, आणि हृदय हाही स्नायूच आहे. अमेरिकेत 1976 साली आलेल्या 'द लास्ट चान्स डाएट' या पुस्तकामुळे जनावरांच्या कातडी-स्नायुबंधांपासून केलेले पातळ प्रथिन पिऊन वजन उतरवण्याची लाट आली. 1977-78 मध्ये अशा आहारावर असलेल्या सुमारे साठ जणांचा मृत्यू नोंदवला गेला. त्यांतल्या अनेकांना आधी हृदयविकार नव्हता. ठोक्यांची लय बिघडून ते गेले.

इतर त्रास जिवावर बेतणारे नसले तरी किरकोळ नाहीत. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, युरिक ॲसिड वाढून सांधे सुजतात, दोन-तीन महिन्यांनी केस गळतात.

दीर्घ उपवास सोडतानाचा धोका मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. उपाशी शरीरात एकदम गोडधोड किंवा भात गेला की इन्सुलिन उसळते, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते आणि हृदय, श्वास कोलमडू शकतात. 1943 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये 73 वर्षांच्या गांधीजींनी 10 फेब्रुवारीपासून 21 दिवसांचा उपवास केला. डॉ. सुशीला नय्यर, डॉ. गिल्डर, डॉ. बिधानचंद्र रॉय यांची देखरेख असूनही प्रकृती इतकी खालावली की पाण्यात मोसंबीचा रस घालावा लागला. 3 मार्चला उपवास सुटला तोही पाणी घातलेल्या संत्र्याच्या रसाने.

अतिअल्प उष्मांकाचा आहार मुळात उपचार आहे आणि उपचार म्हणूनच त्याला मोल आहे. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या अभ्यासात टाइप 2 मधुमेहींना तीन ते पाच महिने 800 च्या जरा वर, रोज 825 ते 853 किलोकॅलरींचा, जीवनसत्त्वे-क्षार मोजून घातलेला आहार दिला. वर्षअखेर 46 टक्के रुग्णांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. पण तिथे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या आणि नेहमीचे अन्न टप्प्याटप्प्याने परत सुरू केले होते. घरच्या घरी नेमके उलटे घडते: जेवण बंद, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू. अशाने साखर एकाएकी घसरून माणूस बेशुद्ध पडतो. मधुमेहाच्याच डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर तर साखर जवळपास ठीक दिसत असतानाही रक्तात घातक आम्ल साठू शकते.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, टाइप 1 मधुमेही, मूत्रपिंड किंवा हृदयाचे रुग्ण यांनी या वाटेला जाऊच नये. पांढुर्णा-सौंसरच्या भागात आणखी एक नाव जोडावे लागते, सिकलसेल. विदर्भ आणि मध्य प्रदेशातल्या आदिवासी समाजांत हा रक्तविकार आढळतो. अंगातले पाणी कमी झाले की विळ्याच्या आकाराच्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, छाती, पोट असह्य दुखू लागते. अशा रुग्णाला घरच्यांनी निर्जळी उपवास कोणत्याही सणाला करू देऊ नये. इतरांनीही 800 किलोकॅलरींच्या खाली जाण्याआधी रक्ततपासणी करून आपल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी.