कुरकुरली की घाला तेल?

सायकल कुरकुरली की हाताला लागेल ते तेल चेनवर ओतायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. शिलाई मशीनचं, खोबरेल, नाहीतर गॅरेजमधलं जळकं ऑइल. तेल जास्त तितकी सायकल हलकी, हा त्यामागचा समज. प्रत्यक्षात चेन झिजते ती आतून, पिन आणि रोलरच्या मध्ये. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि तो काळा चिकटा पॉलिश पेपरसारखा चक्राचे दाते खातो.

म्हणून तेलाआधी फडकं. सायकल स्टँडवर घ्या, घासलेटाचं फडकं खालच्या चेनभोवती धरून पायडल उलटं फिरवा. बोटं दात्यांपासून लांब ठेवा. चेन आणि चक्राच्या मध्ये बोट गेलं तर तुटूही शकतं. चेन वाळली की प्रत्येक रोलरवर सायकलच्या तेलाचा एकच थेंब. जरा वेळ पायडल फिरवायचं आणि वरचं तेल चक्क पुसून टाकायचं. एवढं करून पुसायचं कशाला, असं वाटेल. पण कामाचं तेल तोवर आत गेलेलं असतं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, तेव्हा ते केसांनाच बरं. डब्ल्यूडी-४० चा तो निळा-पिवळा डबा जाम नट सोडवायला उत्तम, चेनवर मात्र त्याचा नेहमीचा स्प्रे फार टिकत नाही.

‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलेलं नसतं. पिना झिजून प्रत्येक जोडात फट पडते. हे घरच्या पट्टीने मोजता येतं: नव्या चेनमध्ये पिनेच्या मध्यापासून २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर येते. साध्या सायकलला ती १/८ इंच पुढे गेली की चेन बदला. गिअरच्या सायकलला १/१६ इंचालाच. चालढकल केली तर चक्रंही बदलावी लागतात.

आता सगळ्यात घातक समज: ब्रेक चिरकतो, तेल सोडा. रिम, ब्रेकचं रबर आणि डिस्क यांना तेलाचा थेंबही लागता कामा नये. आवाज येतो तो कडक झालेल्या रबरामुळे, त्यात रुतलेल्या खड्यामुळे किंवा रबर वाकडं बसल्यामुळे. चुकून तेल उडालंच तर रिम स्पिरिटने पुसा. डिस्कचे पॅड तेल प्याले असतील तर ते बहुधा बदलावेच लागतात.

‘घट्ट म्हणजे सुरक्षित’ हेही अर्धंच खरं. चाकाचे कोन फार आवळले तर छर्रे आणि त्यांची वाट खराब होते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीसारखा पाना फिरवून जोर लावणाऱ्यांनी कित्येक क्रँक वाया घालवले आहेत. सीटची दांडी तिच्यावरच्या खुणेपेक्षा वर काढू नका.

काम झालं की रस्त्यावर जाण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा. लिव्हर हँडलला टेकत असेल, तर त्या दिवशी सायकल घरीच ठेवा.