बहुवारिक पटल : चाळणी की द्रावक ?

हायड्रोकार्बनांची मिश्रणे वेगळी करण्यासाठी रासायनिक उद्योगात बहुवारिकांची, म्हणजे पॉलिमरांची, जी पातळ पटले वापरतात, त्यांना सर्रास ‘चाळणी’ म्हटले जाते. बारीक ते खाली पडावे व जाड ते वर राहावे, हा चाळणीचा धर्म होय. परंतु सिलिकोन रबराच्या पटलापुढे मिथेन व ब्यूटेन यांचे मिश्रण आणले असता नेमके उलट घडते. थोराड रेणूचा ब्यूटेन भराभर पार होतो आणि लहानगा मिथेन मागे रेंगाळतो. अशी चाळणी कोणतीही गृहिणी घरात ठेवणार नाही !

याचा उलगडा टॉमस ग्रॅहॅम याने १८६६ मध्येच केला होता. वायू रबरातील छिद्रांतून जात नाही. तो रबरात प्रथम विरघळतो, आतून सरकतो व पलीकडे पुन्हा मुक्त होतो. म्हणजे विद्राव्यता आणि विसरण अशा दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते. ब्यूटेन सहज द्रवरूप होणारा असल्याने रबरात पुष्कळ विरघळतो. पॉलिप्रॉपिलीनच्या कारखान्यांत नायट्रोजनाबरोबर वाया जाणारे प्रॉपिलीन परत मिळवितात ते याच गुणावर.

खरी कसोटी प्रॉपिलीन व प्रॉपेन यांच्यापाशी लागते. त्यांच्या रेणूंत फरक केवळ दोन हायड्रोजन अणूंचा. उत्कलनबिंदू अनुक्रमे उणे ४७.६ व उणे ४२.१ अंश सेल्सिअस. म्हणून ऊर्ध्वपातनाने ते वेगळे करावयाचे तर शंभराहून अधिक ट्रे असलेले उत्तुंग स्तंभ लागतात. एथिलीन व प्रॉपिलीन यांच्या शुद्धीकरणातच जगाच्या एकूण ऊर्जावापरापैकी सुमारे ०.३ टक्के ऊर्जा खर्च होते, असा अंदाज शॉल व लाइव्हली यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला.

येथे रबर निरुपयोगी ठरते, कारण दोन्ही वायू त्यात जवळजवळ सारखेच विरघळतात. पॉलिइमाइडासारख्या काचसदृश बहुवारिकाच्या साखळ्या मात्र ताठ असतात. त्यांच्या फटींतून किंचित सडपातळ प्रॉपिलीन अधिक वेगाने सरकते. ‘चाळणी’ हा शब्द शोभतो तो येथे. पण तोही काही काळच. दाब वाढला की प्रॉपिलीन पटलात मुरते, साखळ्या सैल होतात आणि त्या सैल झालेल्या फटींतून प्रॉपेनही निसटू लागतो. यास्तव एकेकट्या वायूवर मोजलेले निवडक्षमतेचे आकडे मिश्रणास लावणे धोक्याचे आहे. साखळ्या आडव्या बंधांनी जखडल्यास पटल फुगण्यास आळा बसतो. मात्र त्यापायी प्रवाह बहुधा मंदावतो आणि पटलाचे क्षेत्रफळ वाढवावे लागते.