खुब्याचा सांधा आणि रोग्याचा शब्द

घरांतील वडील माणसें आपलें दुखणें सहसा बोलून दाखवीत नाहींत. आजीबाई जिना चढतांना कठड्यास धरून थांबतात, देवापुढें मांडी घालून बसणें हळूहळू सोडतात, आणि मंडळी ‘वयच झालें आतां’ असें म्हणून आपापल्या उद्योगास लागतात. आमच्या ओळखीच्या एका घरीं असेंच झालें. खुब्याची शस्त्रक्रिया करावी कीं न करावी, याचा खल मुलांनीं व जावयांनीं दोन वर्षें केला. ज्यांचा पाय, त्या मातुःश्रींस मात्र कोणीं विचारलें नाहीं. त्या विचारविनिमयांत आम्हीही होतों, आणि आम्हांसही तें सुचलें नाहीं, याची आज लाज वाटते.

मांडीच्या हाडाचा वाटोळा माथा कटीच्या हाडांतील वाटीसारख्या खळग्यांत फिरतो, तोच खुब्याचा सांधा. दोहोंवरील गुळगुळीत कूर्चा झिजली म्हणजे हाडावर हाड घांसूं लागतें. या विकारावर टिकाऊ कृत्रिम सांध्याचा उपाय ज्यांनीं सिद्ध केला, ते अस्थिशल्यविशारद सर जॉन चार्नली (१९११–१९८२) हे इंग्लंडांतील लँकेशायर परगण्याचे. त्यांच्या विचारास चालना मिळाली ती एका रोग्याच्या गाऱ्हाण्यानें. पॅरिस येथील ज्युडे बंधूंच्या पद्धतीचा अ‍ॅक्रिलिकचा माथा त्या गृहस्थास बसविलेला होता. ते पुढें वांकले कीं सांधा करकर वाजे, आणि त्यांच्या पत्नीस तो आवाज असह्य होई. दुसऱ्या एखाद्यानें ही तक्रार हंसण्यावारी नेली असती. चार्नलींस त्या आवाजांत घर्षणाचा दोष ऐकूं आला.

घर्षण कमी व्हावें म्हणून त्यांनीं खळग्यासाठीं टेफ्लॉनची वाटी योजिली. आरंभीं रोगी आनंदानें चालूं लागले. परंतु दोन-तीन वर्षांत त्या वाट्या झिजल्या आणि झिजेच्या कणांनीं आसपासचा भाग बिघडला. चार्नलींनीं आपली चूक झांकली नाहीं. ते कण शरीरास कसे बाधतात हें पाहण्यासाठीं त्यांनीं टेफ्लॉन स्वतःच्याच मांडींत घालून घेतलें, आणि त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढें विणकामाच्या यंत्रांत वापरलें जाणारें पॉलिएथिलीन त्यांच्या प्रयोगशाळेंत आलें. प्रथम त्यांस त्याची मातब्बरी वाटली नाहीं. त्यांचे सहायक हॅरी क्रेव्हन यांनीं तें यंत्रावर घांसून पाहिलें, तेव्हां तें फारच थोडें झिजलें. नोव्हेंबर १९६२ मध्यें राइटिंग्टन येथील रुग्णालयांत तो नवा सांधा प्रथम बसविण्यांत आला. आपल्या मृत्यूनंतर तो सांधा तपासणीसाठीं परत द्यावा, अशी विनंति चार्नली रोग्यांस करीत, आणि अनेकांनीं ती संतोषानें मान्य केली. ज्यांचें ऐकून घेतलें जातें, ते विश्वासही टाकतात.

रोग्याची इच्छा हा आतां स्वतंत्र संशोधनाचा विषय झाला आहे. कॅनडांतील ओंटॅरिओ प्रांतांत डॉ. जिलियन हॉकर व त्यांचे सहकारी यांनीं खुबे व गुडघे यांच्या रोग्यांची पाहणी केली. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत असें आढळलें कीं, स्त्रियांचा त्रास अधिक, शस्त्रक्रियेची तयारी पुरुषांइतकीच. तरी वैद्याशीं त्याविषयीं बोलणें झालेल्या स्त्रिया मात्र कमी. २००१ च्या लेखांत याची दुसरी बाजू दिसली: विकार तीव्र असूनही शस्त्रक्रियेस निश्चित तयार असणारे शेंकडा १५ हून अधिक नव्हते. म्हणजे दुखतें तो शस्त्रक्रिया इच्छितोच असें नाहीं, आणि जो बोलत नाहीं तो इच्छीत नाहीं असेंही नाहीं.

आपल्या घरांत तर हा प्रश्न अधिकच नाजूक. कृत्रिम खुबा बसविल्यावर पाटावर मांडी घालून किंवा उकिडवें बसूं नये, असें पुष्कळ शस्त्रवैद्य सांगतात. कोणास वेदनेवांचून देवळापर्यंत चालतां येणें मोलाचें वाटेल, कोणास पाटावरची पूजाच सोडवणार नाहीं. हा निवाडा मुलांनीं कसा करावा? पडून खुब्याचें हाड मोडलें असतां मात्र गोष्ट निराळी. तेथें विलंब घातक ठरतो, म्हणून रोग्याशीं बोलून त्वरा करावी. झिजेच्या दुखण्यांत विचारास अवकाश असतो.

त्या मातुःश्रींस अखेर त्यांच्या नातीनें विचारलें. त्या म्हणाल्या, “मला वाटलें, तुम्ही ठरविलें असेल.” वाचकहो, आपल्या घरींही कोणी असेंच वाट पाहत बसलें नाहीं ना, हें आज दिवेलागणीनंतर जवळ बसून एकदां विचारून पाहावें.