पाहुण्याचा परवाना

पासपोर्ट आणि व्हिसा हे दोन शब्द आपल्याकडे जोडीने उच्चारले जातात, आणि त्यामुळे ती एकाच वस्तूची दोन नावे आहेत असा पुष्कळांचा समज झालेला आहे. पासपोर्ट आपले सरकार आपल्याला देते. हा मनुष्य आमचा नागरिक आहे, एवढेच तो सांगतो. व्हिसा देते ते ज्या देशात जायचे त्या देशाचे सरकार, आणि या माणसाने अमुक कारणासाठी, अमुक दिवस आमच्याकडे यायला आमची हरकत नाही, असे ते सांगत असते. परदेशी जाण्याचा अधिकार हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात दिला, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. म्हणजे पासपोर्टच्या बाबतीत आपण हक्काची भाषा बोलू शकतो. व्हिसाच्या बाबतीत ती चालत नाही, कारण तेथे आपण दुसऱ्याच्या उंबरठ्यावर उभे असतो.

हा उंबरठा फार जुना आहे असेही नाही. १९१४ चे महायुद्ध सुरू होण्यापूर्वी युरोपातील बहुतेक देशांत माणसे पासपोर्टाशिवाय हिंडत असत. युद्धात हेरांच्या भीतीने कागद मागण्याची पद्धत पडली, युद्ध संपले तरी ती राहिली, आणि १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवून पासपोर्टचा नमुना ठरवून दिला. सरकारांनी अडचणीच्या काळात घेतलेले अधिकार अडचण सरल्यावर परत केले, असे फारसे घडत नाही. पण ते असो.

पर्यटक व्हिसा कसा वाचावा हे आधी पाहू. त्यावर तीन निरनिराळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली मुदत, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत त्या देशात शिरता येईल ती. दुसरी, किती वेळा शिरता येईल ती. तिसरी, शिरल्यावर किती दिवस राहता येईल ती. व्हिसाची मुदत सहा महिने आणि राहण्याचे दिवस तीस, असे असू शकते. सहा महिने दिसले म्हणून सहा महिने राहिलेला मनुष्य एकतिसाव्या दिवसापासून गुन्हेगार ठरतो. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा दहा वर्षांचाही मिळतो, पण प्रत्येक खेपेला किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि ते बहुधा सहा महिन्यांपर्यंत असते. तोच अधिकारी आपल्याला आल्या पावली परतही पाठवू शकतो. व्हिसा म्हणजे दार ठोठावण्याची परवानगी. दार उघडेलच अशी हमी नव्हे.

युरोपातील शेंगेन व्हिसाचा हिशेब आणखी निराळा. लक्झेंबर्गमधील शेंगेन या मोझेल नदीकाठच्या गावी १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी करार केला. पुढे त्यात इतर देश येत गेले आणि एका व्हिसावर त्या सर्वांत फिरता येऊ लागले. तेथे कोणत्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस राहता येते, आणि हे १८० दिवस आजच्या तारखेपासून मागे मोजायचे असतात. अर्ज जेथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढायचा आणि ९० युरो शुल्क भरायचे. जून २०२४ पासून प्रौढ माणसाला हा दर आहे. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

आता व्हिसा देणारा अधिकारी काय पाहतो? कागद तो पुष्कळ मागतो, पण त्याच्या मनात प्रश्न एकच असतो: हा मनुष्य परत जाईल काय? अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात तर असे गृहीतच धरले आहे की अर्ज करणारा कायमचा राहायला येत आहे. तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचे. म्हणून पगाराच्या पावत्या, मालकाने दिलेले रजेचे पत्र, प्राप्तिकराचे विवरण, घराचे किंवा जमिनीचे कागद आणि बँकेतील काही महिन्यांचे व्यवहार, हे सारे मागितले जाते. आपली मंडळी येथे एक युक्ती करतात. मेहुण्याकडून दोन लाख उसने आणून खात्यात भरतात. ज्या खात्यात वर्षभर आठ-दहा हजारांच्या वर रक्कम नव्हती त्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात दोन लाख आले, हे पाहून अधिकाऱ्याला संशय येणार नाही तर काय? थोडी पण खरी शिल्लक आणि तिला शोभेल असा आठ दिवसांचा प्रवास, हा अर्ज अधिक वजनदार असतो. खोटे पत्र जोडण्याच्या भानगडीत तर पडूच नये. अमेरिकेत त्याची शिक्षा कायमची अपात्रता ही आहे.

या यादीकडे कामगाराच्या नजरेने पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. नेमणुकीचे पत्र, पगाराची पावती, भरपगारी रजा: कंत्राटी कामगाराजवळ नेमके हेच नसते. तो पंधरा वर्षे एकाच कारखान्यात वेल्डिंग करीत असेल, पण हजेरीपटावर त्याचे नाव दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटदाराच्या नावाखाली असते. आपण येथले आहोत आणि येथे परत येणार आहोत, हे सिद्ध करण्याचा कागद त्याला त्याच्याच देशाने दिलेला नाही. मग त्याच्यापाशी एजंट येतो आणि म्हणतो, कागदाची काळजी नको, दुबईचा व्हिजिट व्हिसा काढून देतो, काम तिकडे गेल्यावर लावतो.

हा व्यवहार काय आहे ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. इंग्रजी राज्यात मॉरिशस, फिजी, त्रिनिदाद येथल्या मळ्यांवर आपले मजूर करारावर नेले. अ‍ॅग्रीमेंटचे गिरमिट झाले. त्यातल्या जुलमाविरुद्ध ओरड होऊन १९१७ साली ती भरती थांबली आणि १९२२ साली परदेशी जाणाऱ्या मजुरांसाठी कायदा झाला. त्याची जागा १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने घेतली. या कायद्यानुसार भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी करावी लागते, आणि दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर असा शेरा असतो. असा मनुष्य आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीला जाणार असेल तर 'प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स' या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. करार, पगार, मालक यांची तपासणी तेथे होते आणि दहा लाखांचा विमाही उतरवला जातो. कचेरी मुंबईतही आहे.

पण हाच मनुष्य त्याच देशात पर्यटक म्हणून जात असेल तर ही मंजुरी लागत नाही. व्हिसा आणि परतीचे तिकीट पुरते. एजंटाचा सारा धंदा या फटीत आहे. पर्यटक व्हिसा स्वस्त असतो म्हणून तो काढत नाही. कामगाराचे रक्षण करण्यासाठी सरकारने बसवलेला एकुलता एक पहारेकरी त्या वाटेवर नसतो, म्हणून काढतो.

गिरणीत बाहेरच्या माणसाला आत जाऊन पाहायचे असेल तर गेटवर पास मिळे. तो घेऊन खात्याखात्यांतून हिंडावे, साचे पाहावेत. पण तोच मनुष्य साच्यावर उभा राहिला आणि त्याचे बोट गेले, तर भरपाई कोणाकडे मागणार? हजेरीपटावर त्याचे नावच नाही. उलट, तू तेथे कसा, असा पहिला प्रश्न त्यालाच. पर्यटक व्हिसावर काम करणाऱ्याची गत हीच होते. पगार बुडवला तर तक्रार करणे म्हणजे स्वतःचा गुन्हा कबूल करणे, आणि मालकाला हे ठाऊक असते. कोकणातल्या एका वेल्डरने मला सांगितले की पहिल्या महिन्याचा पगार मिळाला, दुसऱ्याचा अर्धा मिळाला, आणि तिसऱ्या महिन्यात त्याने मागणी केली तेव्हा मुकादमाने नुसते कॅलेंडर दाखवले. व्हिसा संपून चाळीस दिवस झाले होते.

संयुक्त अरब अमिरातीत मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५० दिरहॅम दंड आहे. सहा महिन्यांचे ९,००० दिरहॅम झाले, म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर. २०२४ साली तेथल्या सरकारने परवान्याशिवाय कामावर ठेवणाऱ्या मालकाचा दंडही एक लाख ते दहा लाख दिरहॅमपर्यंत वाढवला. आपल्या १९८३ च्या कायद्यात बेकायदा भरती करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे खरी, पण दंडाची कमाल रक्कम दोन हजार रुपये! एका माणसामागे लाख-दीड लाख घेणाऱ्याला या आकड्याची काय भीती वाटणार?

कोणी म्हणेल, आमच्या वाडीतला अमका व्हिजिट व्हिसावरच गेला आणि आज तेथे पक्क्या नोकरीत आहे. असेल. त्या देशात राहूनच कामाचा व्हिसा करून घेता येतो, असे पुष्कळदा घडते. ज्याचे जमले तो गावी येऊन सांगतो. ज्याचे फसले तो गप्प बसतो, कारण कर्ज फेडायचे असते आणि अब्रूही सांभाळायची असते. त्यामुळे गावात एकाच बाजूच्या गोष्टी फिरतात. दुसऱ्या बाजूचीही उदाहरणे समोर आहेत. नोकरीच्या आमिषाने थायलंडमार्गे म्यानमारच्या सीमेवर नेलेल्या आणि तेथे इंटरनेटवरच्या फसवणुकीच्या धंद्याला जुंपलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

तेव्हा पासपोर्ट एजंटाच्या हाती देण्यापूर्वी त्याचा नोंदणी क्रमांक मागावा आणि सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तो पडताळून पाहावा. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील कर घेता येतो. तोही पावती देऊन. व्हिसा हाती आला की त्यावरचा प्रकार कोणाकडून तरी वाचून घ्यावा. तेथे टुरिस्ट किंवा व्हिजिट असे असेल तर एजंटाच्या तोंडच्या नोकरीला काही अर्थ नाही. दहावी झालेल्याने पासपोर्ट काढताना प्रमाणपत्र अवश्य जोडावे, पण ईसीआर शेरा गेला म्हणजे धोका गेला असे समजू नये. त्याला मंजुरी लागत नाही, म्हणून त्याचा करारही कोणी तपासत नाही. आणि तेथे गेल्यावर मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला तर एवढे माहीत असावे की कायद्याने तो केंद्र सरकारच्या मालकीचा आहे, मालकाच्या नव्हे.

जो आधीच अडकला आहे त्याने भारतीय वकिलातीत जावे, लपून राहू नये. दिवसाबरोबर दंड वाढतो. अमिरातीने २०१८ साली आणि पुन्हा सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मध्ये मुदत उलटलेल्यांना दंड माफ करून परत जाण्याची किंवा कागद नियमित करण्याची सवलत दिली होती. अशी सवलत जाहीर झाली की तिच्या शेवटच्या तारखेची वाट पाहू नये, कारण त्या आठवड्यात रांगा फार लांबतात. पासपोर्ट हरवला असेल किंवा मालक देत नसेल तर वकिलात चौकशी करून इमर्जन्सी सर्टिफिकेट देते. त्यासाठी आपण भारतीय आहोत हे दाखवणारा काही तरी कागद लागतो. म्हणून घरच्या माणसांनी पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची आणि व्हिसाची एक प्रत, जाणारा विमानात बसण्यापूर्वीच, आपल्याजवळ ठेवून घ्यावी.